आप्पांच्या डब्यातली ओळखपत्रं

यंदा थंडी उशिरा आली, पण मतदार यादी वेळेवर आली. सहामाहीचे पेपर तपासून व्हायचे होते, तोवर आमच्या टेबलांवर याद्यांचे गठ्ठे पडले. वरून हुकूम आला: बाई, तुळिंजच्या पाच चाळी नि दोन इमारती तुमच्याकडे, घरोघर जा, माणूस आहे की नाही बघा, कागद बघा, सही घ्या. मी मराठीची शिक्षिका. वर्गात चाळीस पोरं जोडाक्षरांशी मारामारी करत बसलेली, आणि मी तुळिंजच्या गल्लीत, एका हातात फॉर्म, दुसऱ्या हाताने ओली गटारं चुकवत साडी सावरते आहे. असो. कामाची तक्रार नाही माझी. तक्रार वेगळीच आहे.

मधल्या सुट्टीत आमचे गणिताचे सर पेरूला तिखटमीठ लावता लावता म्हणाले, ‘‘या लोकांना मतदानाचा हक्क दिला ना बाई, तिथेच सगळं फसलं. एका वेळच्या जेवणावर मत देतात. काय कळतं त्यांना?’’

मी फोड तोंडाशी नेत होते, ती तशीच खाली ठेवली. म्हटलं, ‘‘दिला म्हणजे? कोणी दिला? तुम्ही दिलात? तुमच्या घरून आणून दिलात?’’

‘‘तसं नाही हो बाई...’’

‘‘मग कसं? आणि जेवण कोण घालतं, ते पण सांगा की. खाणारा तेवढा दिसतो तुम्हाला, वाढणारा दिसत नाही!’’

सर म्हणाले, ‘‘तुम्ही फार तापता बाई.’’ तापते. तापणारच. पण खरं सांगायचं तर मी सरांवर तेवढी तापले नव्हते. हेच वाक्य, अगदी याच ठसक्यात, मी आमच्या घरी ऐकलं होतं. बोलणारे माझे वडील, आप्पा, होते, आम्ही जेवायला बसलो होतो, आणि मी त्यावर हसले होते.

आमची वाडी नंदाखालला. नारळी, पोफळी, केळी, कडेला थोडी भाजी. थंडी सुरू झाली की सुकेळ्यांचे दिवस. राजेळी केळी पिकली की सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात घालायची, आठवडाभर रोज उलटायची, संध्याकाळी उचलायची, दुसऱ्या दिवशी परत मांडायची. वाडीभर गोड, जरासा आंबूस वास. माश्या, गांधीलमाश्या, कावळे, सगळ्यांना आमंत्रण. आजही कुठे पिकल्या केळ्याचा वास आला की मला दवाने ओला झालेला मांडव दिसतो नि मांडवाखाली उकिडवी बसलेली सोमी दिसते.

सोमी आमच्याकडे कामाला होती. ती, तिचा नवरा, सासू आणि आणखी तीन बिऱ्हाडं वाडीच्या मागच्या टोकाला झोपड्या बांधून राहायची. वारली माणसं. आप्पांच्या वडिलांनी त्यांच्या वडिलांना आणून वसवलं, असं आमच्याकडे मोठ्या अभिमानाने सांगत. सोमी माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. पण ती मला ‘नीलाबाय’ म्हणायची आणि मी तिला नुसतं ‘सोमी’. दहा वर्षांनी मोठ्या बाईला! आणि हे मला कधी खटकलं नाही. मोठ्यांना अहो-जाहो करायचं, हे आमच्या घरात पोरांना बोलायला यायच्या आधी शिकवत. पण मोठं कोणाला धरायचं, तेही आधीच ठरलेलं होतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ती थंडी. फोटोवाली ओळखपत्रं नवीनच निघाली होती. गावच्या शाळेत पांढरा पडदा टांगून फोटो काढायला माणूस बसला होता. आमच्या वाडीतली सगळी माणसं रांगेत उभी. बाकीचे कामावरून तसेच आले होते, पायाला चिखल. सोमी मात्र नदीवर जाऊन आल्यासारखी स्वच्छ, केस चापून बसवलेले, आमच्याच दारची पिवळी शेवंती माळलेली. आई म्हणाली, ‘‘बघा, बाईसाहेब लग्नाला निघाल्या.’’ सगळे हसले. सोमी हसली नाही. फोटोवाल्याने हनुवटी वर करायला सांगितली, तर तिने इतकी वर केली की त्याला पुन्हा खाली करायला सांगावं लागलं.

महिन्याभराने कार्डं आली. फोटो सगळ्यांचे सारखेच काळेकुट्ट, माणूस ओळखू येईना. सोमीने तिचं कार्ड ओंजळीत धरून पाहिलं, पदराने पुसलं, पुन्हा पाहिलं. तोवर तिचा फोटो असा कधी निघालाच नव्हता. ‘‘नीलाबाय, हे काय लिवलंय?’’ मी वाचून दाखवलं. नाव, नवऱ्याचं नाव, वय. ‘‘आनि हे?’’ म्हटलं, ‘‘हा तुझा नंबर. हा देशात दुसऱ्या कुणाचा नाही.’’ मला वाटतं, त्या वयात मी शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोलले असेन, तेही माझ्या नकळत. कारण ते झाल्यावर आप्पांनी हात पुढे केला नि सगळ्यांनी आपापली कार्डं त्यांच्या हातात ठेवली. सोमीनेही ठेवलं.

ही आमच्याकडची पद्धत होती. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा, कपाटात सगळ्यात वर. त्यात वाडीचा सातबारा, आजोबांच्या वेळचे दस्त, आणि मजुरांची रेशनकार्डं. आता त्यात ही ओळखपत्रं जाऊन बसली. आप्पा म्हणायचे, ‘‘झोपडीत कुठे ठेवतील? पाऊस आहे, उंदीर आहेत, दारू आहे.’’ काळजीनेच म्हणायचे हो. आप्पा दुष्ट नव्हते. सोमीच्या सासूला ताप चढला तेव्हा स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. म्हणून तर मला आजही त्यांच्यावर सरळ रागावता येत नाही, आणि म्हणूनच राग जातही नाही. वाईट माणसाने हक्क काढून घेतला तर निदान भांडता तरी येतं. चांगल्या माणसाने तो सांभाळून ठेवला तर माणूस करतो काय? आभार मानतो!

मतदानाचा दिवस आमच्याकडे सणासारखा. सकाळी टेम्पो यायचा. आप्पा ओट्यावर डबा घेऊन बसायचे नि नावं पुकारून एकेकाच्या हातात कार्ड द्यायचे, आधी रेशनचं, मग हे फोटोवालं. मग टेम्पोत उभं राहून सगळ्यांना समजवायचे, वरून कितवं चित्र, कुठे शिक्का. त्यांच्याकडून म्हणून घ्यायचे. म्हाताऱ्यांकडून दोनदा. आणि हे म्हणून घ्यायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असायचं. मी पोरांना पाढे म्हणायला लावावे तसं त्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना चित्र म्हणायला लावत होते. परत आल्यावर अंगणात भुजिंगाची पातेली. जेवायला बसायच्या आधी कार्डं डब्यात परत. बोटाला शाई आणि हातात पोह्यातली कोंबडी. आप्पा त्यांच्याकडे बघून समाधानाने म्हणायचे, ‘‘आपण तरी करू देतो मतदान. बाकीचे तर यांना सुट्टीही देत नाहीत.’’

करू देतो!

फोटोवाली कार्डं आली त्याच वर्षी, निवडणुकीला चार-पाच दिवस असताना सोमी दुपारची ओट्यापाशी आली. मी आणि आप्पा सुकेळ्यांच्या पुड्या बांधत होतो. ती खालीच उभी राहिली.

‘‘शेठ, माजं कार्ड द्या.’’

‘‘आत्ता कशाला? मतदान रविवारी आहे.’’

‘‘माजं हाय ते. माज्याकडं ठेवीन.’’

‘‘तुझंच आहे गो. तुझं म्हणूनच सांभाळतोय ना? तुझ्या झोपडीत उंदीर खातील.’’

‘‘उंदरानं खाल्लं तं माजं खाल्लं.’’

आप्पा हसले. मीही हसले. मग आप्पांचा आवाज जरा बदलला. ‘‘कोणी शिकवलं तुला हे?’’ तिला कोणी शिकवलं असेल, हीच त्यांची शंका. तिला आपणहून वाटलं असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. सोमी उन्हात तशीच उभी राहिली. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, ‘‘आप्पा, माझं पण कार्ड त्यातच आहे ना? मला द्या. कॉलेजात लागतं.’’

हो, माझंही त्याच डब्यात होतं. आईचंही. हे मला तोवर माहीत होतं, पण दिसलं नव्हतं. आप्पांनी डबा काढला, माझं कार्ड शोधून माझ्या हातात दिलं, झाकण लावलं नि डबा पुन्हा वर ठेवला. सोमीने सगळं पाहिलं. म्हणाली, ‘‘तिला दिलं.’’ एवढंच. आप्पा म्हणाले, ‘‘ती शिकतेय.’’ आई आतून म्हणाली, ‘‘माझं राहू दे बाई तिथेच, मला कशाला लागतंय.’’ सोमी वळून मांडवाकडे गेली आणि दिवस मावळेपर्यंत केळी उलटत राहिली.

रविवारी ती टेम्पोत चढली नाही. ‘नाय येत,’ म्हणाली. नवरा ओरडला, सासू रडली. आप्पा म्हणाले, ‘‘राहू दे, एका मताने काय होतंय?’’ गंमत बघा. टेम्पो करून, पाढे घोकवून एकेक मत गोळा करणारा माणूस म्हणतोय, एका मताने काय होतंय! टेम्पो गेल्यावर सोमी एकटी पायी निघाली. मी बायकांच्या रांगेत उभी होते, तेव्हा ती शाळेच्या फाटकातून आत आली. तीच शेवंती, तेच चापून बसवलेले केस. माझ्या पुढे तिघीजणी होत्या, तिने मागे नंबर लावला.

मी आत असतानाच तिचा नंबर लागला. टेबलावरचे साहेब म्हणाले, ‘‘ओळखपत्र?’’ तिने नाव सांगितलं. ‘‘नाव आहे यादीत. पण ओळखपत्र? रेशनकार्ड?’’

‘‘शेठच्या घरी हाय.’’

‘‘मग घेऊन ये जा.’’

‘‘देत नाय.’’

साहेबांनी बाजूला पाहिलं. तिथे उमेदवारांची माणसं बसतात, मतदार ओळखायला. त्यांत माझे चुलत काका होते. सोमी आमच्या वाडीत लग्न होऊन आली त्या दिवशी तिच्या मांडवात जेवलेले काका. साहेबांनी विचारलं, ‘‘हिला ओळखता का कोणी?’’ काकांनी यादीतल्या नावांवर पट्टी धरली होती, ती एक ओळ खाली सरकवली. वर पाहिलं नाही. बाकीच्यांनी काकांकडे पाहिलं नि तेही गप्प राहिले. सोमीने माझ्याकडे पाहिलं. मी माझं शाई लावलेलं बोट फुंकत उभी होते. नुसतं ‘हो, ओळखते’ म्हणायचं होतं. दोन शब्द. भूगोलाच्या तासाला न विचारता उत्तरं देणारी मी, वादविवाद स्पर्धेत ढाल आणणारी मी! मी शाई वाळवत बाहेर पडले.

मी तिथे बोलले असते तर आप्पांनी मला मारलं नसतं. कॉलेज बंद केलं नसतं. फार तर दोन दिवस अबोला धरला असता. मला कसली भीती नव्हतीच. मला फक्त अवघड वाटलं. लोकांचे हक्क बंदुकीनेच जातात असं वाटतं आपल्याला. अहो, आपल्यासारख्यांना जरा अवघड वाटतं, तेवढ्यानेही जातात. आणि मग तीस वर्षं हीच माणसं वर तोंड करून म्हणतात, त्यांना कुठे किंमत आहे मताची! चोर तो चोर, वर शिरजोर.

सोमी त्यानंतर कधीही टेम्पोत चढली नाही. कार्ड डब्यातच राहिलं. पुढे आप्पा गेले, दादाने वाडी विकली, बिऱ्हाडं पांगली. त्या जागी आता सात मजली तीन इमारती आहेत. माझं लग्न सांडोरला झालं, तिथे अजून केळी आहेत, पण सुकेळी कोणी घालत नाही. दरवर्षी थंडीत मला ती आठवायची, नि दरवर्षी मी कुठल्यातरी कामात स्वतःला घालून घ्यायचे.

आणि परवा तुळिंजला, तिसऱ्या चाळीत, दोन नंबरच्या खोलीचं दार वाजवलं, तर दारात सोमी. केस पांढरे, पाठीला बाक, पण हनुवटी तशीच. मुलीकडे राहते. मुलगी, जावई, दोघांची नावं यादीत. हिचं नाही. मी हातातला फॉर्म खाली करून म्हटलं, ‘‘सोमीबाई...’’ आयुष्यात पहिल्यांदा. तिने मला ओळखायला फार वेळ घेतला नाही.

‘‘नीलाबाय, तू यादीवाली झालीस?’’

चहा झाला. मग अडचण कळली. आधार आहे, पण नुसत्या आधारावर भागत नाही, असं आम्हाला वरून सांगितलेलं. पूर्वी कुठे नाव होतं, त्याचा काहीतरी कागद हवा. नंदाखालच्या यादीतून वाडी विकल्यावर ‘स्थलांतरित’ म्हणून नाव उडालेलं, जुनं कार्ड नाही. मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. ‘‘तो बिस्किटांचा डबा कुठे आहे रे?’’ दादा म्हणाला, ‘‘दस्त काढून घेतले, बाकी भंगारात दिलं. का गं?’’ देशात दुसऱ्या कुणाचा नाही, असा तो नंबर भंगारवाल्याने नेला.

कार्यालयात सुनावणी लागली. तिथला अधिकारी तरुण मुलगा, स्वभावाने बरा. म्हणाला, ‘‘आजी, पूर्वी ज्यांच्या वाडीत राहात होता, त्या मालकाचं पत्र आणा. आमच्याकडे राहात होती, चांगली बाई आहे, असं. मग बघतो.’’ मी लगेच पर्स उघडली. म्हटलं, ‘‘साहेब, ते मालक म्हणजे आम्हीच. मी देते लिहून.’’ मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षांचा काटा एका चिठ्ठीत निघणार होता.

सोमीने माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘‘नको.’’

‘‘अहो, पत्र दिलं की काम होईल...’’

‘‘शेठची चिठ्ठी नको मना. तवा बी शेठनं दिलं तं मत, नाय दिलं तं नाय. आता बी शेठची पोर देल तवा?’’ मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाली, ‘‘साहेब, मी चांगली हाय का वाईट, ते नको लिवायला. काय झालं ते लिव दे हिला. माजं कार्ड व्हतं. यांच्या डब्यात व्हतं. मी मागलं, यांनी दिलं नाय. ते लिव दे.’’

अधिकारी गडबडला. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, ‘‘बाई, एवढं कशाला? ‘ओळखते’ एवढं लिहा, पुरे.’’

मी कोरा कागद पुढे ओढला, पण पेन चालेना. दुसऱ्यांच्या पापांवर मी पानंच्या पानं लिहीन, स्टाफरूम हलवून सोडीन. पण ‘माझे वडील’ हे शब्द लिहून त्यांच्यापुढे ते क्रियापद घालायला हात धजेना. सोमी शेजारच्या खुर्चीत बसून होती. तिने घाई केली नाही. मग मी लिहिलं. यांचं ओळखपत्र आमच्या घरी डब्यात ठेवलेलं होतं. यांनी ते मागितलं, माझ्या वडिलांनी दिलं नाही. त्या वर्षी या मतदान केंद्रावर आल्या होत्या, नाव यादीत होतं, ओळखपत्राअभावी परत गेल्या. मी तिथे हजर होते. मी यांना ओळखत होते. मी बोलले नाही. खाली सही, पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट.

त्या दिवशीच दादाला कळलं. त्याचा फोन आला. ‘‘बापाची अब्रू सरकारी कागदावर घातलीस. आपण काय कमी केलं होतं त्यांना?’’ मी म्हटलं, ‘‘कमी काही केलं नाही. त्यांचं होतं ते ठेवून घेतलं, एवढंच केलं.’’ त्याने फोन ठेवला. भाऊबीजेचं पुढच्या वर्षी बघू.

पण हे सगळं मागाहून. त्या दुपारी अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला, शिक्का मारला, फॉर्मवर सोमीची सही घेतली. हो, सही. नातीकडून शिकली होती, एकेक अक्षर कोरल्यासारखं. मग तो म्हणाला, ‘‘झालं आजी. नाव लागलं तुमचं.’’ ती ‘बरं’ म्हणाली. आभार मानले नाहीत, आणि मला इतकं बरं वाटलं त्याचं.

जिना उतरताना मी तिचा हात धरला होता. मनात नुसता आनंद, तोंड गप्प बसेना. म्हटलं, ‘‘सोमीबाई, आता निवडणूक आली की मत कुणाला देणार?’’

ती पायरीवर थांबली. हात सोडवून घेतला, कठड्याला धरला.

‘‘तुला कशाला सांगू?’’ म्हणाली, आणि पुढची पायरी उतरली.